बेचाळीस काडेपेट्या

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)
रविवार, सकाळ

प्रिय जिज्ञासा,

तू सात वर्षांची असताना एका शनिवारी आपण दोघी माझ्या गॅलरीत चटई टाकून वाल सोलत बसलो होतो. परातीत कोमट पाणी, पाण्यात मोड आलेले वाल, आणि तू एकेक वाल चिमटीत धरून दाणा असा उडवायचीस की निम्मे दाणे परातीत आणि निम्मे शेजारच्या सोनियाच्या तुळशीत. मी रागावले नाही, कारण सोनिया रागवायला आलीच होती आणि तीही सोलायला बसली. मग तू सुटलेले मोड वेचून डब्याच्या झाकणावर कृमींसारखे ओळीने मांडलेस, मान तिरकी करून बराच वेळ बघितलंस आणि मला विचारलंस, "मावशी, यातला नर कुठला?" मी तेव्हा पोटातल्या कृमींवर सोळा-सतरा वर्षं काम केलेली बाई. हा प्रश्न मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत सुचला नव्हता. त्या दिवशीचं बिरडं चौघांना पुरलं नाही, तुझ्या आईने तुला दारातच दटावलं, आणि मी मात्र तुम्ही गेल्यावर स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी होते.

हे हाताने लिहितेय म्हणून हसू नकोस. टाइप करायला बसले की माझा अहवाल होतो. उद्दिष्ट, पद्धत, निष्कर्ष. आणि फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. तुझा प्रस्ताव येऊन आज नऊ दिवस झाले. गुरुवारी तुमच्या समितीची बैठक आहे आणि 'सल्लागार' या शब्दापुढची जागा अजून कोरी आहे. तू तीनदा फोन केलास. पहिल्यांदा मी गुडघ्याचं निमित्त केलं, दुसऱ्यांदा चष्म्याचं, आणि तिसऱ्यांदा फोन सरळ सोनियाच्या हातात दिला, तर तिने तुला अर्धा तास सिंधी साईभाजी शिकवली. गुडघा ठणठणीत आहे. मोतीबिंदू काढल्यापासून डोळे असे झालेत की समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी शर्टाचं बटण चुकीचं लावलेलं मला इथून दिसतं. तेव्हा वाचता आलं नाही असं नाही. चार वेळा वाचला.

फार सुरेख लिहिलायस. खरंच. नेहमीच्या गोळीला अंकुशकृमी पूर्वीसारखे दाद देत नाहीत, हे तू सहा वाड्यांच्या आकड्यांनिशी इतकं स्वच्छ मांडलंयस की समितीतला झोपाळू सभासदही जागा होईल. त्यावर आमच्या कंपनीचं जुनं, बासनात पडलेलं औषध 'चारशे सतरा' बाहेर काढायचं, ही कल्पना तुझीच. दोनशे माणसं, त्यात एकशे वीस मुलं. आणि अकराव्या पानावर मात्रा ठरवताना तू लिहिलंयस की शिरगावच्या अभ्यासात एकाच लहान गोळीने शंभर टक्के माणसं कृमिमुक्त झाली, म्हणून तीच मात्रा पुरे. खाली माझं नाव आणि वर्ष, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. ऋणनिर्देशात तर तू 'कारखानीस मॅडमचा नियम' म्हणून वेगळं वाक्य घातलंयस: गावाला पहिल्या तपासणीचा निकाल दुसरी तपासणी होईपर्यंत सांगायचा नाही, आणि सांगताना चेहरा पाडायचा नाही. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना वाटतं की हा नियम माझ्या मायाळूपणातून आला. तुलाही तसंच वाटतं. आज मी तुला तो कुठून आला ते सांगते.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मी एकोणतीस वर्षांची, अंबरनाथच्या औषध कंपनीत संशोधन विभागात, पांढरा कोट अजून कडक इस्त्रीचा. आमच्या कंपनीत शिरगावची पाच-सात माणसं कामाला होती, म्हणून चाचणीसाठी शिरगावच धरलं. तेव्हाचं शिरगाव तू पाहिलेलं नाहीस. आज जिथे तुमचा चौदा मजली टॉवर उभा आहे, तिथे खाचरं होती. माणसं अनवाणी चिखलात उतरायची आणि कृमी त्यांच्या तळपायातून आत शिरायचे, इतका साधा कारभार. विष्ठेचे नमुने गोळा करायला आम्हाला शेकडो लहान डब्या हव्या होत्या. साहेब म्हणाले, मागवतो. तीन महिने झाले तरी मागवतच होते. शेवटी माझे बाबा मदतीला आले. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात ते फोरमन होते. छपाई बिघडलेल्या रिकाम्या पेट्यांची दोन पोती त्यांनी रीतसर परवानगी काढून आणली. आत मेणकागद, वर नंबर, झाला नमुन्याचा डबा. शाळेत सिस्टर बर्नाडेटने आमच्याकडून चार वर्षं अक्षर गिरवून घेतलं होतं, ते मी त्या पेट्यांवर कारणी लावलं. असे वळणदार आकडे कुठल्याच काडेपेटीने पाहिले नसतील.

आमचा शिपाई सुदाम सायकलला पिशवी अडकवून घरोघर पेट्या वाटून यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळा करायला जायचे. पहिल्या फेरीत माणसांनी हसत-लाजत, तोंडाला पदर लावत पेट्या आणून दिल्या. काही पेट्यांत खरंच काड्या होत्या; त्यांना वाटलं, कंपनी वाटतेय. तुझ्या पणजीच्या, कौसाबाईच्या ओट्यावर मी पेट्या मांडून घ्यायचे. ती मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी दिल्याशिवाय उठू द्यायची नाही, आणि त्या पेट्यांच्या शेजारी बसून जेवायला मलाही काही वाटायचं नाही. आपल्या धंद्यात हे असंच.

बेचाळीस माणसं होती. एकेचाळीस जणांच्या पोटात कृमी निघाले. एकटी सुटली ती कौसाबाईची नात, अकरा वर्षांची, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मावशीकडे राहून शिकणारी, दिवाळीच्या सुट्टीला म्हणून गावी येऊन महिनाभर राहिलेली. मावशीच्या चाळीत संडास होता, पायात चपला होत्या. ती मुलगी म्हणजे तुझी आई. जनी तेव्हा दोन वेण्या घालून सिंधी शिव्या मोजून दाखवायची आणि आजीला त्यांचा अर्थ चुकीचा सांगायची.

निकाल सांगायला मी कौसाबाईच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं आणि तिथेच माझी चूक झाली. मी तरुण होते, मला ती मुलं पांढरीफटक दिसत होती, बाया जिना न चढताही धापा टाकत होत्या. मी म्हटलं, तुमचं फार खराब निघालं, अगदी खराब. माझा चेहरा म्हणे रडवेला झाला होता. मग एकेकाला समोर उभं करून चारशे सतराची लहान गोळी दिली, पाणी पाजलं, तोंड उघडून बघितलं. तीन आठवड्यांनी सुदामने पुन्हा पेट्या वाटल्या.

दुसऱ्या फेरीच्या सकाळी मी पोचले तर काय थाट! ओटा सारवलेला, बेचाळीस पेट्या नंबराप्रमाणे ओळीने मांडलेल्या, एकही कमी नाही. पहिल्या वेळी मला दारोदार फिरून विनवण्या कराव्या लागल्या होत्या. कौसाबाई म्हणाली, "बाय, आज तुमाला तरास नाय द्याचा." मला केवढं भरून आलं म्हणून सांगू. प्रयोगशाळेत येऊन कोट चढवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचा बघत गेले. एक, दोन, दहा, वीस, एकही अंडं नाही. दुपारी साहेबांना बोलावलं. त्यांनी स्वतः सात काचा बघितल्या आणि सगळ्या विभागाला पेढे मागवले. माझी त्या दिवसाची वही अजून आहे. त्यात निळ्या शाईत, सिस्टर बर्नाडेटच्या वळणात, मी लिहिलंय: 'सर्व नमुन्यांत पेरूच्या बिया आढळल्या. पेरूचा हंगाम.'

आता तू थांबली असशील. तुझ्या लक्षात आलंय ना? माझ्या आलं नाही. बेचाळीस माणसं, दूधपित्यापासून दात नसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत, एकाच दिवशी सगळ्यांनी पेरू खाल्ले, आणि मला ते हंगामाचं लक्षण वाटलं.

त्या कामावर निबंध छापून आला. त्या निबंधावर मला मुंबईच्या संस्थेत जागा मिळाली, पुढे डॉक्टरेट, पुढे तुम्ही सगळे विद्यार्थी. कंपनीने मात्र दोन वर्षांत संशोधन विभागच बंद केला आणि चारशे सतराची फाईल कपाटात गेली. शिरगावशी माझं नातं तुटलं नाही. दर गौरीला कौसाबाईचा निरोप यायचाच.

आणि मग चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात तुझ्या आईचं लग्न आलं. हळदीचा मांडव, गॅसबत्त्या, मांडवाच्या तोंडाशी कोळंबीच्या भाताचं पातेलं. मला मानाने पुढे खुर्ची दिली होती. बाया हळद लावता लावता नवरीला गाण्यातून चिडवत होत्या, तुला माहीतच आहे तुमच्याकडे कुणाची गय करत नाहीत. कोण शाळेत किती वेळा नापास, कोणी विहिरीत कळशी घालवली, सगळं गाण्यात आलं. आणि एक म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून गायला लागली:

एकल्या पोरीनं भरल्या बेचाळीस पेट्या,
बाय खूस झाल्या गो, बाय खूस झाल्या.

अख्खा मांडव लोळायचा बाकी राहिला. जनीने हळदीच्या हातांनी तोंड झाकलं. मीही हसले, कारण सगळे हसत होते. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मला शब्द कळले. तिसऱ्यांदा मी हसत नव्हते. मी कौसाबाईला बाजूला घेतलं. तिला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. म्हणाली, "बाय, पयल्या वक्ताला तुमचा तोंड एवढासा झालता. मंग दुसऱ्या वक्ताला परत वायट कसा द्याचा? पावन्याला आपन फुटका कप देतो का? पोरीचा चांगला होता, मंग तिचाच दिला सगल्यांनी." आदल्या दिवशी त्यांनी जनीला मुद्दाम पोटभर पेरू खायला घातले होते. एका पेटीत लागतं किती, वाटाण्याएवढं. माझ्यासाठी अख्ख्या गावाने एका मुलीला पाहुणचाराला लावलं होतं.

जिज्ञासा, त्या क्षणी मला तिच्या गळ्यात पडून हसावंसं वाटलं होतं, आणि तसं मी केलंही. तेवढं मी बरोबर केलं असं मला अजून वाटतं. चूक त्यानंतरची. घरी येऊन वही काढली, पेरूच्या बियांची ओळ वाचली, आणि मासिकाला पत्र लिहायला बसले. 'महोदय' लिहिलं. मग चहा केला. मग स्वतःला समजावलं की औषध तर बाजारात आलंच नाही, फाईल कपाटात आहे, कुणाचं काही बिघडत नाही. हे सगळं खरं होतं. हेही खरं होतं की नोकरीत मी कायम होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या शाळेत शुक्रवारी कॅथलिक मुली चॅपेलमध्ये रांगेने कन्फेशनला जायच्या आणि आम्ही हिंदू मुली तोवर अंगणात लगोरी खेळायचो. आम्हाला त्यांची दया यायची. त्या बाहेर येताना मात्र किती हलक्या पावलांनी यायच्या, ते मला त्या मे महिन्यात आठवलं. 'महोदय' लिहिलेला कागद मी वहीत ठेवला. अजून तिथेच आहे.

मग नियम आला. गावात निकाल सांगताना चेहरा पाडायचा नाही. प्रत्येक नमुना समोर हजर राहून घ्यायचा. तुम्ही मुलं त्याला माझी शिस्त म्हणायचात. त्यानंतरची माझी निवृत्तीपर्यंतची वर्षं मी कशीही तपासून घ्यायला तयार आहे. त्यातला आकडान् आकडा मी स्वतः उभी राहून मोजलाय. माझ्या कामाचा मला अभिमान आहे, तो मी उगाच लाजून कमी करणार नाही. फक्त त्याच्या तळाशी जो पहिला दगड आहे तो पोकळ आहे, आणि नेमक्या त्याच दगडावर तू आता घर बांधायला निघालीस.

चारशे सतरा चांगलं औषध असेलही. प्रयोगशाळेतल्या हॅमस्टरवरचे माझे आकडे खरे आहेत, आणि त्यांच्या हिशेबाने माणसाला तू धरलीस त्याच्या दुप्पट तरी मात्रा लागेल. माणसांत मात्र ती लहान गोळी पुरते की नाही, हे मला माहीत नाही. कुणालाच नाही. नाही पुरली तर काय होईल ते तुला मी शिकवायला नको: कृमी अर्धमेले होऊन सावरतील, औषधाला सरावतील, मुलं तशीच पांढरीफटक राहतील, आणि आपण कागदावर बरी झाली म्हणून पुढच्या वाडीला जाऊ. एकशे वीस मुलं आहेत ती. आणि हे तुला कदाचित कधी कळणारही नाही, कारण वाड्यांतली माणसं प्रेमळ असतात.

हे मी पहिल्याच दिवशी फोनवर सांगायला हवं होतं. नऊ दिवस घेतले, कारण मी तुझ्या डोळ्यांत कशी दिसते ते मला फार आवडतं. तू दहावीला असताना वर्गात 'माझा आदर्श' या निबंधात माझ्यावर लिहिलं होतंस, जनीने मला तो गुपचूप वाचायला आणून दिला होता. त्यात 'मावशी कधीही चुकत नाहीत' असं वाक्य होतं आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून लिहिलं होतं, 'अतिशयोक्ती टाळा'. तुझ्या त्या बाई हुशार.

तू चिडशील. गुरुवारची बैठक हुकेल, सहा महिन्यांचं काम नव्याने मांडावं लागेल, निधीवाले कुरकुर करतील. चीड. मग रविवारी जेवायला ये, तोवर राग जेवढा उरेल तेवढा घेऊन ये. मी निवृत्त आहे, वेळ आहे, नवे डोळे आहेत. प्रौढांचा लहान गट घेऊन मात्रा ठरवण्याचं काम तुझ्या हाताखाली फुकट करायला तयार आहे. काचा बघायला मला बसव. सोनियाने तर आत्तापासून विचारलंय की वाड्यांवर जाताना गाडीत जागा असेल का. तिला म्हणे निसर्ग बघायचाय.

आता हे पाकीट एवढं जाड का ते सांगते. आत पाच गोष्टी आहेत, नीट वाटून दे. तुझा प्रस्ताव सहीशिवाय परत पाठवतेय, तो तुझा. अकराव्या पानावर पेन्सिलीने आकडे मांडलेत, ते तपास, माझ्यावर विश्वास ठेवून तसेच घेऊ नकोस. लांब पांढरा लिफाफा तुमच्या समितीच्या अध्यक्षांना गुरुवारच्या आधी पोचव. त्यात मी लिहिलंय की चूक संपूर्ण माझी आहे, आणि तुला ती माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. दुसरा, मासिकाच्या संपादकांना. अठ्ठ्याऐंशीचा माझा निबंध मी मागे घेतेय. त्याची एक प्रत साहेबांच्या मुलीला जाऊ दे, साहेब आता नाहीत, पण त्यांचंही नाव त्यावर आहे आणि तिने ते परक्याकडून ऐकू नये. निळी वही तुझ्याकडे ठेव, विद्यार्थ्यांना दाखव, पेरूचं पान दुमडून ठेवलंय. छोटा पिवळा लिफाफा तुझ्या आईला दे, आणि जेवणं आटोपल्यावर दे, घाईत नको. संपादकांच्या पत्रात मी दुसऱ्या फेरीतल्या सहभागी व्यक्तींची खरी संख्या लिहिली आहे: एक. तिथे जनीचं नाव घालू का, असं पिवळ्या लिफाफ्यात विचारलंय आणि खाली सहीसाठी रेघ आखलीय. ती नको म्हणाली तर 'एक मुलगी, वय अकरा' एवढंच राहील, आणि ती हो म्हणाली तर पूर्ण नाव, माहेरचं, तिला हवं तसं. तिची सही आल्याशिवाय संपादकांचा लिफाफा पोस्टात टाकू नकोस. त्या पोरीला कुणी विचारलंच नव्हतं गं.

तुझीच,
शरयूमावशी